खाली रॉकेट, वर रॉकेट, मधे स्क्रॅमजेट: "बैलगाडी" वाल्या पोस्टला उत्तर

घनइंधन · २०२५, शनिवार, रात्री ९:१२

काल ब्रिस्बेनकर यांनी एक लांबलचक पोस्ट टाकली, ती आत्तापर्यंत मला चार जणांनी फॉरवर्ड केलीये, त्यात माझा सख्खा भाचापण आहे, म्हणून लिहायला बसलो. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिस्बेनला हायपरसॉनिक्स नावाची स्टार्टअप आहे, २०१९ ची, स्पार्टन नावाचं हायड्रोजनवर चालणारं स्क्रॅमजेट (ऑक्सिजन हवेतूनच घेणारं, प्रचंड वेगात चालणारं इंजिन) बनवतात, २०२५ मध्ये ४६ मिलियन डॉलर उभे केले, आणि पुढं हे इंजिन लावलेलं यान छोटे उपग्रह सोडून परत येणार, इंधन भरून परत जाणार. इथवर ठीक. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की "रॉकेट ही आता बैलगाडी झाली, ऑक्सिजनची टाकी वाहून नेणं हा मूर्खपणा आहे, आणि आपली इस्रो अजून त्याच बैलगाडीला रंग देत बसलीये."

हे जिव्हारी लागलं. मी सत्तावीस वर्षं इस्रोत, तिरुअनंतपुरमला घन इंधनाच्या मोटरींवर काढली, आता सांगलीत असतो, तेव्हा मला राग येणारच. पण रागाच्या पलीकडे हिशोबपण आहे, तो बघा.

उपग्रह वर टिकतो तो उंचीमुळे नाही, वेगामुळे. खालच्या कक्षेसाठी सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेग लागतो. त्यांच्या पहिल्या यानाचा मॅक ७, म्हणजे आवाजाच्या सात पट वेग, हा ते उडतं त्या उंचीवर सेकंदाला २.१ किलोमीटर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात जाते, म्हणजे मॅक ७ गाठलात तेव्हा शंभरातलं सात रुपयांचं काम झालं. मॅक १२ धरा, तरी वीस-एकवीस रुपये. उरलेलं कोण करणार, रॉकेटच. आणि स्क्रॅमजेट जागचं उठत नाही, हवा आधीच मॅक ५ च्या आसपास आत घुसत असेल तरच ते चालतं. तिथपर्यंत ढकलत कोण नेणार, परत रॉकेटच. म्हणजे खाली बैलगाडी, वर बैलगाडी, आणि मधल्या थोड्या वाटेसाठी पंख, उष्णतेचं कवच, परत यायची सोय असा सगळा संसार पाठीवर.

ऑक्सिजनचं म्हणाल तर द्रव ऑक्सिजन ही लाँचपॅडवरच्या सगळ्यात स्वस्त गोष्टींपैकी एक. त्याची टाकी म्हणजे पातळ पत्रा. उलट हायड्रोजन द्रव केला तरी घनमीटरला जेमतेम ७१ किलो भरतो, केरोसीन ८०० च्या घरात. तेवढ्याच वजनाला अकरा पट मोठी टाकी, आणि ती घेऊन तुम्ही हवेतून मॅक ७ ने जाणार. रॉकेट दोनेक मिनिटांत दाट हवा सोडून वर निघून जातं, ते काही उगाच नाही.

जगाचा आत्तापर्यंतचा अनुभव सेकंदात मोजावा लागतो. नासाचं एक्स-४३ए २००४ मध्ये मॅक ९.६ ला गेलं, इंजिन चाललं दहाएक सेकंद. अमेरिकी हवाई दलाचं एक्स-५१ए २०१३ मध्ये २१० सेकंद चाललं, मॅक ५.१. दोन्ही समुद्रात, परत कोणी आणली नाहीत. इंग्लंडची रिॲक्शन एंजिन्स १९८९ पासून हवा घेणाऱ्या इंजिनावर काम करत होती, ऑक्टोबर २०२४ ला पैसे संपून बंद पडली, पस्तीस वर्षं, एक उड्डाण नाही. आणि इस्रो रंग देत बसली म्हणणाऱ्यांनी २०१६ साल बघावं: २३ मे ला आरएलव्ही हे परत वापरायचं पंखवालं यान ६५ किलोमीटरवर जाऊन मॅक ५ ने खाली आलं, २८ ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून स्क्रॅमजेट मॅक ६ ला ५ सेकंद चालवून दाखवलं. तेव्हा तुमची ब्रिस्बेनची कंपनी जन्मालापण आली नव्हती.

ब्रिस्बेनकर · रात्री १०:०५

बैलगाडी हा शब्द मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही.

काका, कंपनी २०१९ ची असली तरी काम २०१९ चं नाही. क्वीन्सलँड विद्यापीठात रे स्टॉकर यांनी शॉक टनेल (अतिवेगवान हवेत चाचणी करायचे बोगदे) उभे केले ते ऐंशीच्या दशकात. ३० जुलै २००२ ला वूमेराच्या वाळवंटातून त्यांचं हायशॉट हे चाचणीचं यान उडालं, मॅक ७.६, उड्डाणात स्क्रॅमजेटमध्ये ज्वलन झाल्याचं दाखवलं, नासाच्या एक्स-४३ए च्याही आधी. कंपनीचे एक संस्थापक मायकेल स्मार्ट नासाच्या लँगलीला होते, मग इथे प्रोफेसर. हवा आत घ्यायचं तोंड चौकोनी आणि पुढं जाऊन लंबगोल होतं ही त्यांचीच रचना, त्यामुळे इंजिनात हलणारा एकही भाग नाही, मॅक ५ ते १२ एकाच आकारात. हलणारा भाग नाही म्हणजे काय हे ज्यानं मशीन दुरुस्त केलीये त्याला विचारा.

आणि ऑक्सिजन स्वस्त आहे हे मान्य, पण वजन स्वस्त नाही ना. हायड्रोजन रॉकेटमध्ये एक किलो हायड्रोजनला सहा किलो ऑक्सिजन लागतो. तो हवेतून घेतला तर सोबत नेलेल्या दर किलोमागे कितीतरी पट जास्त रेटा मिळतो. ते वाचलेलं वजनच पंखांना आणि कवचाला देता येतं, म्हणून तर यान परत आणता येतं.

मी त्या कंपनीत नाही. मी अकरा वर्षं कोळशाच्या खाणीतल्या कन्व्हेयरच्या झिजलेल्या प्लेटा बघतोय. इथं माती खणून जहाजात भरणं हाच धंदा, कुठल्याही पार्टीत गेलं की निम्मे लोक खाणीतले. त्या गावात कोणीतरी साडेतीन मीटरचं विमान हाय टेम्परेचर अलॉयमध्ये थ्रीडी प्रिंट करतंय, आणि त्यात क्वीन्सलँडचा आणि केंद्र सरकारचा फंडपण आहे, म्हणजे माझ्या टॅक्सचे चार पैसे. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

पवईची_ज्वाला · रात्री १०:४८

दोघांनाही थोडं थोडं. मी ज्वलनावर पीएचडी करतेय, शेवटचं वर्ष.

घनइंधन काका, सात रुपयांचा हिशोब फिजिक्सने बरोबर आहे पण दिशाभूल करणारा आहे आणि तुम्हाला ते माहितीये. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटची पहिली स्टेज साधारण सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटरला सुटते, म्हणजे तुमच्याच हिशोबाने सात-आठ रुपयांचं काम. पण उड्डाणाच्या वेळचं तीन चतुर्थांश वजन त्या स्टेजचं असतं! सुरुवातीला सगळं बिऱ्हाड उचलावं लागतं म्हणून पहिला वेग सगळ्यात महाग पडतो. तेव्हा मॅक ७ ला "फक्त" म्हणू नका.

ब्रिस्बेनकर, तुम्ही रेटा रेटा म्हणताय पण वजनाच्या मानाने स्क्रॅमजेटचा रेटा कमीच असतो आणि वेग वाढेल तसा हवेच्या ओढीच्या वर उरणारा रेटा आणखी घटतो. हवा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडेपर्यंत एक-दोन मिलिसेकंद मिळतात, त्यात हायड्रोजन मिसळायचा, पेटायचा, आणि ढकलून द्यायचं. आमच्या लॅबमधल्या चाचणीच्या रिगवर मी हे रोज बघते. एका दिवसात सहा रन घेतले तर चार वेळा ज्योत विझते. वर जाऊन, वेग बदलत असताना ती टिकवणं हे वेगळंच प्रकरण आहे, त्याला "इंधन भरून परत जाणार" इतकं सहज म्हणू नये.

घनइंधन · रात्री ११:०२

तीन चतुर्थांश वजनाचा मुद्दा रास्त आहे, मी तो लिहायला हवा होता. पण अगं, ती महाग वाट म्हणजे शून्य ते मॅक ५. ती तर स्क्रॅमजेट करतच नाही! ते सुरू होतं महाग वाट संपल्यावर. तुझाच मुद्दा माझ्या बाजूचा झाला.

पवईची_ज्वाला · रात्री ११:०६

हो, झाला. मला तो तसा व्हायला नको होता, पण झाला.

लाल_डबा · रात्री ११:३०

इथं सगळे इंजिनावर बोलतायत, उपग्रहवाल्याला कोणी विचारेना. आम्ही इंजिनिअरिंगला असताना एक छोटा उपग्रह बनवत होतो. कॉलेजचं नाव आणि लाँच देणाऱ्याचं नाव घेत नाही. मी सेकंड इयरला टीममध्ये आलो, पास होऊन नोकरीला लागलो, लग्न झालं, तरी उपग्रह क्लीनरूमच्या कपाटात. बॅटऱ्या दोनदा बदलल्या. ज्या मुलांनी तो चालू केला ती मुलं तो उडाला तेव्हा तिशीत होती. मुख्य उपग्रह तयार नाही म्हणून सगळे थांबा, असं दोनदा झालं.

राईडशेअर, म्हणजे एकाच रॉकेटमधून अनेकांचे उपग्रह, ही एसटी आहे. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्हीने एका वेळी १०४ नेले, जानेवारी २०२१ ला फाल्कनने १४३. तिकीट स्वस्त, मान्य, पण गाडी फाट्यावर सोडते. फाट्यावरून गाव आपलं आपण गाठायचं आणि छोट्या उपग्रहात तेवढं इंधन नसतं. तुम्हाला महाराष्ट्रावरून ठरलेल्या वेळी जायचंय, ती कक्षा हवी, आणि ती पुढच्या महिन्यात हवी, तर आज कोण देतं? रॉकेट लॅबचं छोटं रॉकेट इलेक्ट्रॉन देतं, तीनशे किलोपर्यंत, पण ते दर किलोला एसटीच्या कितीतरी वर जातं. इस्रोचं छोटं रॉकेट एसएसएलव्ही २०२५ पर्यंत तीनदाच उडालं, पहिलं ऑगस्ट २०२२ चं फसलं, एका टोकाला ७६ किलोमीटरपर्यंत खाली येणाऱ्या लंबगोल कक्षेत सोडून आलं. म्हणून कोणी परत परत उडणारं काही बनवत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे, इंजिन कुठलंही असू दे.

आंबोलीचा_पाऊस · रविवार, सकाळी ७:१५

रात्रभराचं वाचलं. एक साधा प्रश्न कोणी का विचारत नाही, पैसे कोण देतंय? ब्रिस्बेनकर, पैसे देणाऱ्यांना तुमच्या पोस्टमध्ये "संशोधन संस्था" असं गुळगुळीत लिहिलंत. २०२३ मध्ये त्यांना निवडलं ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डिफेन्स इनोव्हेशन युनिटने, हायपरसॉनिक चाचण्या वारंवार आणि स्वस्तात करता याव्यात म्हणून. २०२५ च्या पैशात स्वीडनची साब आहे, ती लढाऊ विमानं बनवते. उपग्रहाचं नाव पुढं आणि काम क्षेपणास्त्राचं. माझा धाकटा भाऊ सैन्यात होता, कारगिलनंतर एका पायाने अधू झाला, तेव्हा मला देशाचं संरक्षण शिकवू नका, मला ते कळतं. पण मग तसं म्हणा ना. शेतकऱ्याला पिकाचा फोटो मिळेल म्हणून मुलांना सांगायचं आणि बनवायचं काहीतरी दुसरंच, ही फसवणूक आहे.

ब्रिस्बेनकर · सकाळी ८:४०

फसवणूक हा शब्द जास्त होतोय ताई. त्यांचं डार्ट एई हे चाचणीचं यान आहे असं ते उघड सांगतात, मॅक ७, हजार किलोमीटरचा पल्ला. उपग्रहाचं डेल्टा व्हेलॉस नंतर. पैसा आधी संरक्षणातून येतो हे कुठल्या देशात नाही? आपली रॉकेटं आणि आपली क्षेपणास्त्रं एकमेकांची चुलत भावंडंच आहेत.

घनइंधन · सकाळी ९:२०

आणि ते डार्ट वर जाणार कसं ते सांगा ना त्यांना! रॉकेट लॅबच्या हेस्टवर बसून, व्हर्जिनियातल्या वॉलॉप्सहून. हेस्ट म्हणजे काय, इलेक्ट्रॉनचंच भावंड, तेच छोट्या उपग्रहांचं रॉकेट. ज्याची जागा घ्यायचीये त्याच्याच खांद्यावर बसून जायचं.

भोसरी_जे_ब्लॉक · सकाळी १०:५५

मी रॉकेटवाला नाही. माझं भोसरीला शॉप आहे, तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक फाईव्ह ॲक्सिस जी मी २०२१ ला कर्ज काढून घेतली, बारा माणसं. ते "हाय टेम्परेचर अलॉय" वर सगळे एवढं सहज बोलताय म्हणून लिहितो. इनकोनेल ७१८, म्हणजे उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू, कधी कापलंय का कोणी? साध्या लोखंडाला जो स्पीड लावतो त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याने चालवावं लागतं. टूल थोडं घासलं की मटेरियल तिथल्या तिथं कडक होतं आणि मग पुढचा पास टूलचं पातंच खाऊन टाकतो. थ्रीडी प्रिंट केलं म्हणजे झालं असं नाही, प्रिंटनंतर सपोर्ट तोडायचे, बसायच्या जागा मशीन करायच्या, ते आमच्यासारखेच करणार.

दोन वर्षांपूर्वी एक स्पेसवाली पार्टी आली, नाव घेत नाही, त्यांना चाळीस नग पाहिजे होते. तरुण पोरं, हुशार, बोलायला गोड, चहा पिऊन गेली, "सर आपण इतिहास घडवतोय" म्हणाली. नव्वद दिवसांचं क्रेडिट म्हणाले, मी हो म्हणालो कारण मलाही वाटलं आपल्या शॉपमधला जॉब वर जाईल. अकरा नग रिजेक्ट केले सरफेस फिनिशवर, ड्रॉइंगमध्ये फिनिश लिहिलेलंच नव्हतं, रिव्हिजन नंतर पाठवली. डेबिट नोट लावून पैसे कापले. उरलेल्या नगांचे पैसे दोनशे दहा दिवसांनी आले तेही तुकड्यातुकड्यात. त्या दिवाळीला पोरांचा बोनस मी बायकोच्या पाटल्या ठेवून दिला. त्याच महिन्यात त्या कंपनीला फंडिंग मिळाल्याची बातमी आली, फोटोत सगळे टाळ्या वाजवतायत.

तेव्हा ४६ मिलियन वगैरे वाचलं की मला एकच दिसतं, त्यातले जॉबवाल्याला कधी मिळणार.

घनइंधन · सकाळी ११:३०

तुमच्याबद्दल सहानुभूती आहे पण एक सांगतो, रिजेक्शनला कारण असतं. आमच्याकडे केसाएवढ्या ओरखड्यावरून मोटर केस (घन इंधन भरायचं कवच) परत पाठवलेली मी बघितलीये. वालचंदनगरला पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची मोटर केस बनते, त्यांनी वर्षानुवर्षं तो दर्जा सांभाळला. स्पेसचं काम घ्यायचं तर तेवढी तयारी ठेवावी लागते, फिनिश लिहिलं नसेल तर विचारायचं असतं.

भोसरी_जे_ब्लॉक · सकाळी ११:४१

साहेब वाचलंत का नीट? विचारलं होतं. मेल आहे माझ्याकडे, उत्तर आलं "स्टँडर्ड फिनिश". तयारीचं मला सांगू नका, माझे वडील टेल्कोत टूलरूमला होते, मी चौदाव्या वर्षी मायक्रोमीटर धरलाय. तुम्ही सत्तावीस वर्षं सरकारी पगार घेतला, एक तारखेला यायचा. तुमच्या टेबलावर तयार केस यायची, ती कोणी कितीचं व्याज भरून पाठवली हे तुम्ही कधी बघितलं नाही. वालचंदनगर मोठा कारखाना आहे, आमच्या जे ब्लॉकमध्ये बारा माणसांची शॉपं आहेत.

घनइंधन · सकाळी ११:५०

पगारावर जायचं कारण नाही. त्या पगारात आम्ही दिवाळीलासुद्धा टेस्ट स्टँडवर असायचो.

ओझरवाला · दुपारी १२:२०

दोघेही थांबा. मी ओझरला विमानाच्या असेंब्लीत तीस वर्षं काढली. बाहेरून येणाऱ्या पार्टचं इन्स्पेक्शन माझ्याकडे होतं बराच काळ. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ड्रॉइंगच अर्धवट असायचं आणि शिक्षा व्हेंडरला. मी स्वतः शिक्का मारलाय, "रिजेक्टेड" चा, आणि संध्याकाळी त्या माणसाला गेटवर बसलेलं बघितलंय. तेव्हा काही वाटलं नाही, आता वाटतं.

सीए_चिंचवड · दुपारी १:०५

छोट्या उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमई कायदा आहे, माल घेतल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, करारात काहीही लिहा. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. आणि आता इन्कम टॅक्सचा नियमपण आहे, वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाका, मी दोन क्लायंटचे पैसे काढून दिलेत.

भोसरी_जे_ब्लॉक · दुपारी १:२२

टाकली असती हो. तक्रार टाकली की पुढची ऑर्डर बंद. आणि एकाने बंद केली की दहा जणांना कळतं. तुमच्या दोन क्लायंटना त्या पार्टीकडून परत काम आलं का तेवढं सांगा.

सीए_चिंचवड · दुपारी १:४०

एकाला आलं. दुसऱ्याला नाही आलं.

मराठीतच_बोला · दुपारी २:१०

चर्चा चांगली आहे पण एवढ्या मराठी लोकांना "अतिस्वनातीत" हा शब्द एकदाही आठवला नाही याचं वाईट वाटतं.

लाल_डबा · दुपारी २:१४

सुपरसॉनिकला स्वनातीत, हायपरसॉनिकला अतिस्वनातीत, शाळेत वाचलेत. पण आत्ता माणसाच्या पाटल्यांचा विषय चाललाय दादा, नंतर.

आंबोलीचा_पाऊस · दुपारी ३:३०

भोसरीच्या दादांनी जे सांगितलं ते माझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. इतिहास घडवणाऱ्यांचे पैसे गावभर फिरतात पण बारा माणसांच्या शॉपपर्यंत दोनशे दहा दिवसांनी येतात. मी सकाळी शस्त्रांवर बोलले त्यावर ठाम आहे, पण हे जास्त जवळचं आहे.

ब्रिस्बेनकर · संध्याकाळी ५:१०

मला वाटलं नव्हतं धागा इथं येईल. दादा, वाईट वाटलं वाचून. इथे छोट्या सप्लायरचे पैसे बहुतेक महिन्याभरात येतात, निदान मी जिथं काम करतो तिथं, म्हणून मला हा कोन सुचलाच नाही.

मूळ मुद्द्यावर: परत वापरण्याचं काय? काका म्हणतात कोणीच परत आणलं नाही. अमेरिकेतल्या स्ट्रॅटोलाँच कंपनीचं टॅलन-ए हे यान डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये मॅक ५ च्या वर जाऊन कॅलिफोर्नियात वँडेनबर्गला धावपट्टीवर उतरलं. तेच यान, दोनदा. हे झालंय.

घनइंधन · संध्याकाळी ५:४५

झालंय, आणि ते रॉकेट इंजिनवर झालंय! टॅलनमध्ये स्क्रॅमजेट नाही, ऑक्सिजनची टाकी घेऊन जातं ते.

आता परत वापरण्यावर एक गोष्ट सांगतो, ही मी नव्या मुलांना नेहमी सांगायचो. अमेरिकेचं एक्स-१५ विमान माहिती असेल, १९५९ ते १९६८, १९९ उड्डाणं, माणूस बसलेला, रॉकेटवर. परत परत उडणारं हायपरसॉनिक विमान म्हणजे ते. ३ ऑक्टोबर १९६७ ला पीट नाइट यांनी ते मॅक ६.७ ला नेलं. त्या दिवशी पोटाखाली स्क्रॅमजेटचा नुसता नकली सांगाडा लटकवला होता, इंजिन नाहीच, आकार फक्त. त्या आकारावरून उठलेल्या धक्कालहरी आणि उष्णता त्याला धरणाऱ्या खांबाला जाळून आत घुसल्या, सांगाडा गळून पडला, शेपटीखालच्या कातडीला भोकं पडली. पायलट सुखरूप उतरला. ते विमान परत कधी उडालं नाही. आणि हा खेळ मिनिटांचाच. मॅक ७ ला हवा थांबवली तर तिचं तापमान दोन हजार अंशांच्या आसपास जातं. भोसरीच्या साहेबांचं इनकोनेल सहाशे-सातशे अंशांनंतर ताकद सोडायला लागतं. ते एकदा टिकेल, थोडा वेळ टिकेल. दहाव्यांदा उडवण्याआधी कुठं भेग गेलीये हे कोण तपासणार, किती दिवसात, कितीला? स्पेस शटलचं पैशाचं गणित तिथंच बुडालं.

पवईची_ज्वाला · संध्याकाळी ६:३०

हे पटलं. इनकोनेलच्या पुढं म्हणूनच सगळे सिरॅमिक कंपोझिटकडे जातायत, हायपरसॉनिक्सपण मोठ्या यानासाठी तेच म्हणते.

पण काका, आता माझं ऐका. इस्रोने ऑगस्ट २०१६ ला पाच सेकंद चालवलं. पुढचं उड्डाण कधी? २२ जुलै २०२४. आठ वर्षं. मी अकरावीत होते, आता पीएचडी संपतेय. पुष्पक, म्हणजे ते पंखवालं आरएलव्ही, हेलिकॉप्टरमधून सोडून चित्रदुर्गला तीनदा उतरवलं, छान उतरवलं, पण अंतराळातून अजून आलेलं नाही. डीआरडीओने सप्टेंबर २०२० ला एचएसटीडीव्ही हे स्क्रॅमजेटचं चाचणी यान वीसेक सेकंद चालवलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला जमिनीवर स्क्रॅमजेटचा कंबस्टर (ज्वलनकक्ष) हजार सेकंदांच्या वर चालला, जे खरंच मोठं आहे. पण उड्डाण? आठ वर्षांतून एकदा उडवून ज्योत कशी टिकवायची हे शिकता येत नाही. हायपरसॉनिक्स उपग्रह सोडो न सोडो, डार्ट वारंवार उडवायचा म्हणतायत. माझ्यासारखीला तो डेटा मिळाला तर माझी अर्धी पीएचडी दोन महिन्यांत झाली असती.

घनइंधन · रात्री ८:०५

आठ वर्षांचं उत्तर माझ्याकडे नाही. आतली कारणं मला माहितीयेत, ती इथं लिहिणार नाही, आणि ती सांगूनपण आठ वर्षं आठच राहतात. एवढं मान्य. रॉकेटच्या जागी स्क्रॅमजेट येणार हे मान्य नाही.

आणि भोसरीकर, सकाळी मी "विचारायचं असतं" म्हणालो ते मेलचं न वाचता म्हणालो. चूक झाली.

भोसरी_जे_ब्लॉक · रात्री ८:३०

ठीके साहेब. मीपण पगारावर जायला नको होतं.

ब्रिस्बेनकर · रात्री ९:००

मीपण लिहितो मग. उपग्रह हे आत्ता त्यांच्या कामात मागच्या बाकावर गेलेत, हे मला दिसत होतं आणि पोस्टमध्ये मी ते पुढं आणून मांडलं, कारण ते सांगायला छान वाटतं. आंबोलीच्या ताईंचं तेवढं बरोबर. पण ते मध्यावर थांबतील असं मला वाटत नाही. पहिलं यान उडू दे, मग बोलू.

आंबोलीचा_पाऊस · रात्री ९:१०

उडू दे. पोस्ट लिहाल तेव्हा पैसे देणाऱ्यांची नावं पहिल्या ओळीत लिहा.

ओझरवाला · रात्री ९:३५

जून २०२५ मध्ये एसएसएलव्हीची टेक्नॉलॉजी एचएएलने ५११ कोटींची बोली लावून घेतलीये, म्हणजे आता ते रॉकेट कारखान्यात नगावर बनणार. नग म्हटलं की व्हेंडर आला. नाशिकला अंबडच्या पोरांना मी सांगतोय ड्रॉइंग रिव्हिजनसकट सही करून घ्या आणि मगच मशीनवर जॉब चढवा.

पवईची_ज्वाला · रात्री १०:१५

भोसरीचे दादा, एक विचारू का, धाग्याशी संबंध नाही. माझ्या रिगला इंजेक्टर प्लेट लागते, इनकोनेल ७१८, हाताच्या तळव्याएवढी, पाऊण मिलिमीटरची चोवीस भोकं, तिरकी. आधी जिथं केली तिथं भोकं एका रेषेत आली नाहीत, माझी ज्योत विझायचं निम्मं कारण तेच असावं असा संशय आहे. फक्त दोन नग. एवढ्या छोट्या कामाला कोणी हात लावत नाही.

भोसरी_जे_ब्लॉक · रात्री १०:२२

पाऊणचं तिरकं भोक इनकोनेलमध्ये ड्रिलने नको करू ताई, ड्रिल सरकतंच. ईडीएमने, म्हणजे ठिणगीने धातू झिजवून करावं लागेल, माझ्या शेजारच्याकडे आहे मशीन. ड्रॉइंग पाठव, रिव्हिजन नंबर टाकून. फिनिश लिही. भोकाची टॉलरन्स लिही.

पवईची_ज्वाला · रात्री १०:२४

लिहिते. पैसे इन्स्टिट्यूटकडून येतील, वेळ लागतो त्यांना. मटेरियलचे मी माझ्या स्टायपेंडमधून आधी देते.

भोसरी_जे_ब्लॉक · रात्री १०:३१

मटेरियल नको देऊ. त्या अकरा रिजेक्ट नगांचे तुकडे शॉपमध्ये पडलेत, मटेरियल सर्टिफिकेटसकट. त्यातलं कापतो.